चोळांच्या तक्त्यातला हरवलेला राजपुत्र

बाळांनो, तुमच्या आत्याकडे इथे परदेशात, जॉन्सनव्हिलला आल्यापासून शेजारच्या तमिळ बाईंशी माझी गट्टी आहे. लायब्ररीत ज्येष्ठांच्या गटापुढे त्या चोळ राजांवर बोलणार होत्या. माझं अक्षर चांगलं, म्हणून वंशावळीचा तक्ता माझ्याकडे आला.

मी पट्टी घेऊन चौकोन आखले. राजा, त्याखाली मुलगे, त्याखाली पुढचा राजा. पण जमेना. एका राजाचा धाकटा मुलगा मध्येच नाहीसा व्हायचा आणि पुढे एक मोठा राजा आईबापांवाचून उगवायचा. तीन वेळा खोडलं. बाईंनी दिलेलं पुस्तक नीट वाचत होते, तरी डोकं चालेना.

एरवी हसले असते. पण त्याच आठवड्यात मी कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे इथल्या छोट्या किराणा दुकानात, दूध आणायला गेले आणि काउंटरपुढे गप्प उभी राहिले. कशाला आले तेच आठवेना. हे आत्याला सांगितलं नव्हतं. आता तक्त्यातही माणसं हरवायला लागल्यावर मला खरंच भीती वाटली.

शेवटी कागद शेजारी नेला. बाईंनी पाहिला आणि कपाळावर हात मारला.

"अक्का, हा आणि हा एकच! गादीवर बसताना नवं नाव घेतलं त्यानं."

"मग जुनं कुठे गेलं?"

"तुमचं कुठे गेलं? लग्नात तुमचंही नाव बदललं ना? तुम्हीच सांगितलंत. मग माहेरची मुलगी काय समुद्रात पडली?"

मी खुळ्यासारखी हसले. पन्नास वर्षं दोन नावांनी जगलेल्या बाईला हे सुचू नये! एका चौकोनात दोन्ही नावं लिहिली आणि तक्ता जुळला.

पण डेअरीतलं कोडं त्यानं सुटलं नव्हतं. राजाचा घोळ माझा नव्हता, दुधाचा माझाच होता. घरी येऊन आत्याला सगळं सांगितलं. ती फार्मासिस्ट आहे, त्यामुळे आरडाओरडा न करता तिनं स्मरणशक्ती तपासायला क्लिनिकची वेळ घेतली.

तिथल्या फॉर्मवर आधीचं नाव विचारलं होतं. ते झटकन लिहिलं. मग नर्सनं विचारलेले वार, महिना, शंभरातून सात-सात वजा करत जाणं, तेही जमलं. शेवटी तिनं फॉर्म पाहून हसत विचारलं, "यातल्या कोणत्या नावानं हाक मारू?"

मी फॉर्म परत ओढून दोन्ही नावं पुन्हा वाचली. तो प्रश्न तपासणीतला होता की सहज विचारलेला, हे मला अजून कळलेलं नाही. निकाल पुढच्या आठवड्यात येईल.