बारा व्हॉल आणि पहिलं पान

ट्रकचं इंजिन पडवीत आणायचं ठरलं तेव्हा पडवीत आधीच तीन गोष्टी होत्या: भाताची कणगी, म्हशीचं रेडकू आणि दिराच्या लग्नाचे पापड. मी कागद घेऊन यादी केली. पापड माळ्यावर, रेडकू गोठ्यात, कणगी जागच्या जागी. यादीप्रमाणे सगळं झालं. रेडकू तेवढं दोनदा परत आलं.

ही साठ सालच्या आसपासची गोष्ट. आमचं गाव मुरबाडपासून दोन कोसांवर. यांनी कसाऱ्याची रेल्वेची नोकरी सोडून एक ट्रक घेतला होता. दुसरी मोठी लढाई संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेला. त्यातून गवताच्या गाठी कल्याणला जायच्या. पाचसहा वर्षांत इंजिन इतकं झिजलं की पेट्रोलपेक्षा ऑइलच जास्त पिऊन धूर ओकायला लागलं. ट्रक मुरबाडच्या बाजारात शिरला की चहावाला कपबश्यांवर फडकं टाकायचा. चढ आला की गडी खाली उतरून चालायचे आणि वर जाऊन ट्रकची वाट बघत विडी ओढायचे.

धाकट्या दिराचं लग्न ठरलं. मुलगी शहापूर तालुक्यातली, कसाऱ्याच्या अलीकडच्या गावची. बोलणी चालू असताना सासरे ऐटीत म्हणाले, "वऱ्हाड आमच्या ट्रकमधून येल." येवाई, म्हणजे मुलीचे वडील, पानाला चुना लावत म्हणाले, "येऊ द्या की. बंद पडला तर सांगावा धाडा, दोन बैलजोड्या पाठवतो ओढायला."

बैठकीतली माणसं हसली. सासरे हसले नाहीत. घरी येऊन त्यांनी यांना ओटीवर उभं केलं. "वऱ्हाड ट्रकमदून गेला तर ट्रक तुजा. नाय गेला तर भंगारवाल्याचा, आन तू मुंबयला गिरणीत. चुलत्याला सांगून ठेवलाय मी."

म्हणजे हे वर्षातून दोनदा, होळीला आणि गणपतीला, आणि बाकीचं वर्ष मी आणि रेडकू. मी त्याच दिवशी दुसरी यादी सुरू केली. वर लिहिलं: 'इंजिन.'

मिस्त्री शहापूरचा. पन्नाशीचा, बारीक, लष्करात मोटारींवर काम केलेला. तो आमच्याकडेच राहायला आला. कामाला पाटावर बसायचा, जेवायच्या पाटावर, आणि तो पाट दुसऱ्या कुणाला देत नसे. बैलांच्या मदतीने, चिंचेच्या फांदीला दोर बांधून, इंजिन ट्रकमधून काढलं आणि पडवीत आणून ठेवलं. त्याला लिहितावाचता येत नव्हतं. मी सातवी झालेली. तेव्हा ठरलं की तो खोलायचा आणि मी लिहायचं.

पहिल्याच दिवशी त्याने सगळ्यांना बजावलं, "इंजिन म्हंजे आता बाळंतीन समजा. उघडी टाकू नका, वारा लागू देऊ नका." त्याला धूळ म्हणायची होती. सासूबाईंनी ते मनावर घेतलं. संध्याकाळी त्या ओवा-शेपेची धुरी घेऊन पडवीत आल्या. शेजारी पेट्रोलचा डबा. मिस्त्रीने बगलेत पाट मारून अंगणात उडी घेतली.

"म्हातारे, घर पेटवतेस काय!"

"तूच म्हनलास ना बाळंतीन?"

"आगो, पन धुरी नको तिला!"

"मग कसली रे बाळंतीन?" असं म्हणून सासूबाई धुरी आत घेऊन गेल्या. त्यानंतर त्यांनी इंजिनाची चौकशी केली नाही.

पिस्टनच्या रिंगा नव्या आल्या, बेअरिंगं घासून बसवली. मग आले व्हॉल, म्हणजे व्हॉल्व्ह. छत्रीच्या आकाराची ही पोलादी बुचं, एकूण बारा. प्रत्येक बूच आपापल्या भोकावर इतकं घट्ट बसलं पाहिजे की वाफसुद्धा निसटू नये. त्यासाठी भोकाच्या काठाला खरखरीत मलम लावायचं, व्हॉलला रबरी टोकाची काठी चिकटवायची आणि ती दोन्ही तळव्यांत धरून इकडून तिकडे फिरवत राहायचं. तासन्‌तास. दुसऱ्या व्हॉललाच मिस्त्रीची मनगटं गेली.

पापड लाटायला आलेल्या बाया दारातून बघत होत्या. त्यांतली एक म्हणाली, "ह्यो काय, ताक घुसळायचाच काम हाय!" आणि पदर खोचून बसली. रवी फिरवून हात तयार झालेल्या आम्ही चौघीजणींनी आळीपाळीने उरलेले दहा व्हॉल दीड दिवसात घासले. मिस्त्री प्रत्येक व्हॉल उजेडात धरून बघायचा, नखाने काठ तपासायचा आणि मान हलवायचा. शेवटी म्हणाला, "मुंबयच्या कारखान्यात असा व्हॉल घासून देत नाय." बाया म्हणाल्या, "लोनी नाय आला पन."

आता महत्त्वाची गोष्ट. ज्या भोकावर जो व्हॉल घासला, तो त्याच भोकात गेला पाहिजे. अदलाबदल झाली की सगळी मेहनत पाण्यात. मिस्त्रीने हे मला तीनदा सांगितलं. मी म्हटलं, एकदा सांगितलंत तरी पुरे. लग्नाच्या पत्रावळी लावून तयार होत्या. त्यातल्या बारा घेतल्या, भिंतीशी ओळीने मांडल्या, प्रत्येकीवर कोळशाने आकडा घातला आणि प्रत्येक व्हॉल घासून झाला की पुसून आपापल्या पत्रावळीवर ठेवला. यादीतही लिहिलं. सासरे येताजाता बघून म्हणाले, "पंगत झकास बसलीय."

दोन दिवसांनी मिस्त्री व्हॉल बसवायला बसला. "वयनी, एक नंबर." मी एक नंबर दिला. "दोन." दोन दिला. मी यादीवर खुणा करत होते. यादीकडे बघत होते, इंजिनाकडे नाही. यादी करणाऱ्या माणसाचा हा जुना रोग आहे.

इंजिन पुन्हा चिंचेखालून ट्रकमध्ये गेलं. लग्नाला पाच दिवस. गाव जमला. यांनी हँडल मारलं. काही नाही. दिराने मारलं, त्याला हळद लागायची होती म्हणून सासूबाईंनी ओढून बाजूला घेतलं. गावातल्या सहा जणांनी मारलं. इंजिन खोकलं, एकदा फटाक्यासारखं वाजलं, गोठ्यातून रेडकू सुटलं, आणि पुन्हा गप्प. मिस्त्रीने एक प्लग काढून त्या भोकावर अंगठा धरला आणि हँडल फिरवायला सांगितलं. सहाही प्लगांच्या भोकांवर धरून बघितला. मग अंगठा पुसत म्हणाला, "दम नाय. हवा निसटते."

"रिंगा?" यांनी विचारलं.

"रिंगा नव्या."

"व्हॉल?"

"व्हॉल तर बायांनी ताकासारखा घुसळलाय. त्यात खोट नाय."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांनी पेट्रोलची नळी, प्लग, वायरी सगळं तपासलं. सासरे गडीमाणसाला म्हणाले, "सकाळी येवायांकडे जा. सांग, बैल पाठवा." ते ऐकून हे उठले. माळ्यावर चढले आणि पत्र्याची ट्रंक खाली काढली. कसाऱ्याला नोकरीला जाताना नेलेली. तिच्यावरची धूळ त्यांनी स्वतःच्या हाताने पुसली. मला तेव्हा यादीत काय लिहावं ते सुचेना.

त्याच दिवशी भावकीने दिराचं केळवण आमच्याच घरी धरलं होतं. पडवी आता रिकामी, तिथेच पंगत. गावातला एक पाहुणा दाराशी पहिल्या पानावर बसायला लागला तसे सासरे ओटीवरून ओरडले, "अरे, तिकडून कुठं? पयला पान देवाकडून!"

पाहुणा उठून देवघराच्या टोकाला गेला. आमच्या घरात सगळं तिकडूनच मोजतात. पानं, पाट, पाहुणे, सगळं. मी वरणाची कढई हातात घेऊन उभी होते, आणि माझ्या डोळ्यांपुढे त्या भिंतीशी मांडलेल्या बारा पत्रावळी आल्या.

"मिस्त्री," मी म्हटलं, "तुमचा एक नंबर कोणीकडून?"

मिस्त्री भात कालवत होता. "पंख्याकडून. सगळ्या दुनियेत इंजिनाच्या पंख्याकडून."

"आणि इंजिन पडवीत होतं तेव्हा पंखा कुठं होता?"

"कुठं म्हंजे? दाराकडं." मिस्त्रीचा हात थांबला. "वयनी, तुमी कुठनं मोजलाव?"

"देवाकडून."

पडवीत कुणी भुरकेना. मी मोजलं होतं शेपटाकडून, त्याने बसवलं तोंडाकडून. बाराही व्हॉल उलटे. दोन्ही टोकांकडून लहानमोठ्या व्हॉलची रांग सारखीच लागत होती, म्हणून बसवताना काही खटकलंही नव्हतं.

मिस्त्री उठायला गेला. सासूबाईंनी पळीच उगारली. "अर्ध्या पानावरून उठायचा नाय! केळवन हाय!"

"आवो, पन इंजिन..."

"इंजिन पळत नाय कुठं. तोच तर रडगाना हाय तुमचा."

मग त्या पंगतीने जे जेवण केलं तसं मी आजवर बघितलेलं नाही. मिस्त्री घास न चावता गिळत होता. शेजारचे हे, त्यांच्या शेजारचा दीर, सगळे त्याच वेगाने. वाढणारी मी धावत होते. पाहुण्याला वाटलं आमच्याकडची रीतच अशी, तोही घाम पुसत जेवला. सासूबाईंनी आग्रहाने मिस्त्रीला आणखी दोन पुरणपोळ्या वाढल्या. त्याने त्या एकावर एक ठेवून एकदमच खाल्ल्या.

व्हॉल बदलायला इंजिन ट्रकमधून काढावं लागलं नाही. वरचं झाकण उघडून पुरलं. या वेळी मी स्वतः ट्रकच्या बाजूला चढून उभी राहिले, पंख्याला हात लावून. दुसऱ्या दिवशी ऊन उतरायच्या आत सगळं बसलं. यांनी हँडल मारलं. तिसऱ्या फेरीला इंजिन सुरू झालं. सासरे ट्रकच्या मागे जाऊन धुराची वाट बघत उभे राहिले. धूर येईना. त्यांना ते इंजिन चालू असल्याचं पटायला वेळ लागला.

दोष कुणाचा यावर ओटीवर निवाडा झाला. मी माझी चूक कबूल करायला पुढे झाले, पण सासऱ्यांनी बोलूच दिलं नाही. "चूक मिस्त्रीची. देवाकडं पाठ करून कोन मोजतो रे?" मिस्त्रीने कान पकडले. पुढे तो कुणाच्याही घरी इंजिन खोलायला गेला की आधी देवघर कुठं ते विचारतो, असं ऐकलं.

वऱ्हाड निघालं. बैलांचा सांगावा मात्र आधीच गेला होता, तो कुणाच्या लक्षात राहिला नव्हता. वाटेतल्या नदीच्या वाळूत येवायांच्या दोन बैलजोड्या उभ्या. ट्रक त्यांच्या शेजारून पाण्यात उतरला आणि पलीकडे चढला. सासरे टपावरून गाडीवानाला ओरडले, "बैल दमलं असतील तर सांग रे, ट्रकला बांधून नेतो!"

लग्नाहून परत आल्यावर हे म्हणाले, "ट्रंक माळ्यावर टाक गो."

मी टाकली नाही. तिच्यात नटबोल्टचे पाने, रबरी काठी आणि उरलेलं मलम भरलं, झाकणाच्या आतल्या बाजूला यादी चिकटवली आणि ट्रंक ट्रकमध्ये ठेवून दिली. यादीची पहिली ओळ होती: 'एक नंबर पंख्याकडून. जेवताना सोडून.'