चार फळ्यांमागचं पाणी

साचलेलं पाणी मला बघवत नाही. हे मी कौतुकाने सांगत नाही, तो माझा रोग आहे. कुणाकडे जेवायला गेलं आणि सिंकमध्ये पाणी जरा रेंगाळलं, की माझा जीव वरखाली होतो. एकदा तर मी एका ओळखीच्या घरी साडी खोचून सिंकखालचा पाइप खोलून बसले होते आणि बाहेर सगळे पानावर खोळंबले होते. परतताना हे गाडीत अवाक्षर बोलले नाहीत. गराजचं दार उघडल्यावर म्हणाले, "अगं, आपण गेस्ट होतो. प्लंबर नव्हतो."

हा रोग कुठून आला ते त्यांना माहीत आहे. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला होती. ती तिथेच का होती, हे मराठी वाचकाला सांगायला नको. गावाचं सगळं पाणी, पावसाचं, मोऱ्यांचं, गोठ्यांचं, उतार धरून आमच्या दारात येई आणि मुक्काम ठोकी. आई पावसाळ्याचे चार महिने पत्र्याच्या डब्याने घरातलं पाणी उपसत असे. भाकरी थापता थापता उठून उपसे, आम्हाला दटावता दटावता उपसे. तिला निवांत बसलेली मी कधी पाहिलीच नाही. मी इंजिनीअर झाले ती नोकरीसाठी, पण निचऱ्याचाच विषय घेतला तो रागाने.

कॅनडात आल्यावर तीसेक वर्षं मी तेच काम केलं. रबरी बूट घालून शेताशेतांतून फिरायचं आणि ओल्या जमिनीतलं पाणी बाहेर काढणारे चर आखायचे. शेतकरी खूश, मी खूश. मी रिटायर झाले तेव्हा ऑफिसातल्या मंडळींनी केकवर निळ्या क्रीमचा चर काढला होता.

अशा बाईला दोन वर्षांपूर्वी एक फोन आला. बोलणारा मूळचा मॉन्ट्रियलकडचा, शेवाळांचा अभ्यासक. म्हणाला, "तुमच्या सहीचा एक जुना नकाशा माझ्यासमोर आहे. त्यातला चर मला बंद करायचाय."

"का? बिघडलाय?"

"नाही. फार चांगला चालतोय, तीच तर अडचण आहे."

मी चिडूनच गेले. एडमंटनहून पश्चिमेला दीड तास. वाटेत मनातल्या मनात त्याला झापायची वाक्यं तयार करत होते, त्या नादात एक वळणसुद्धा चुकले. शेत मात्र पाहताक्षणी ओळखलं. त्या शेताखाली पीट आहे. पीट म्हणजे हजारो वर्षं पाण्यात बुडून राहिल्यामुळे न कुजलेलं शेवाळ, थरावर थर, पुरुषभर खोल. पाणी आहे तोवर ते गार आणि गुपचूप पडून असतं. पाणी काढून घेतलं की सुकतं, खचतं आणि एखाद्या कोरड्या उन्हाळ्यात पेटतं. हे शेत माझ्या चराने सुकलं होतं आणि पाच वर्षांपूर्वी पेटलं होतं.

मालकीणबाई माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तू तीच ना? माझ्या नवऱ्याने तुझ्यासाठी कॉफी केली होती. तू उभ्या उभ्या एक घोट घेतलास, कप कुंपणाच्या खांबावर ठेवलास आणि पळालीस. बर्फ पडेपर्यंत तो कप तिथेच होता."

मग तिने आगीचं सांगितलं. वरची ज्वाळा दोन दिवसांत विझली, पण आग जमिनीखाली शिरली आणि सबंध हिवाळाभर बर्फाखालून धुमसत राहिली. पांढऱ्या शेतातून मधूनच धुराची काडी वर येई. नवरा फावडं घेऊन ती शोधत फिरे. तो पुढे दुसऱ्याच आजाराने गेला, पण हॉस्पिटलच्या खिडकीतूनही तो धूरच शोधत होता, असं ती म्हणाली. "मला या जमिनीत पाणी परत आलेलं बघायचंय. मी मरायच्या आत."

तिचा धाकटा भाऊ ते शेत कसत होता. गवत लावायचा, गठ्ठे बांधून विकायचा. त्याला हे खूळ मुळीच मान्य नव्हतं. बहिणीच्या हट्टापुढे नमून त्याने एक उन्हाळा कबूल केला. चर अडवून शेतावर नवं शेवाळ पसरायचं, आणि ते सप्टेंबरपर्यंत जगलं तर शेत कायमचं पाण्याखाली. नाही जगलं तर शेत पुन्हा त्याच्याकडे, आणि चर तो आणखी खोल करणार. म्हणजे मालकीणबाईचं सगळं त्या एका उन्हाळ्यावर आलं होतं, आणि तो उन्हाळा यशस्वी करायच्या कामी लागलेल्यांत मी. घरी येऊन मी यांना म्हटलं, "माझाच चर आहे, मीच बंद करते." हे म्हणाले, "बघ हं. तुला झेपेल का, पाणी नुसतं बघत बसणं?"

ऑक्टोबरात आम्ही सात-आठ जण, बहुतेक पेन्शनर, जवळच्या दलदलीतून शेवाळाचे पातळ काप काढून आणत होतो आणि शेतावर विस्कटत होतो. पाय रुतू नयेत म्हणून प्लायवूडच्या फळकुटांवरून चालायचं, आणि वरून पेंढा पसरायचा. मी बादल्या रिकाम्या करत सुटले होते. शेवाळवाला माझ्या मागून येई आणि माझे ढीग हाताने सारखे करी. "मॅडाम, दूसमाँ," तो सारखा म्हणायचा. सावकाश. मला सावकाश म्हटलं की आणखीच घाई होते.

चराच्या तोंडाशी आम्ही बांध घातला. मधे खाच, खाचेत एकावर एक चार फळ्या. फळ्या घातल्या की पाणी अडतं, लोखंडी आकड्याने वर ओढल्या की सुटतं. एप्रिलमध्ये बर्फ वितळलं आणि चर काठोकाठ भरला. मालकीणबाई रोज पाय ओढत तिथवर जाई. एकदा तिने पाण्यावर बसलेली बदकं मोजली आणि मला फोन करून आकडा सांगितला.

माझं काम दर मंगळवारी पाण्याची पातळी घेण्याचं. जमिनीत पांढरे उभे पाइप रोवलेले. त्यात बारीक नळी सोडत जायचं आणि वरून फुंकत राहायचं. बुडबुड आवाज आला की नळीचं टोक पाण्याला लागलं, तिथे बोट धरायचं आणि मोजायचं. बर्नाबीला राहणाऱ्या लेकीला व्हिडिओ पाठवला, तर ती म्हणाली, "Mom, you're blowing bubbles for science." पाणी वर यावं म्हणून मी फुंकत होते आणि ते वर आलं की माझी नजर आपोआप फळ्यांकडे जात होती.

जूनअखेर तीन दिवस सलग पाऊस झाला. मालकीणबाई व्हिटबीला मुलीकडे गेली होती. मंगळवारी मी पोचले तेव्हा शेत सगळं चकाकत होतं. आणि घराच्या पायरीशी पाणी साचलं होतं. तपकिरी, वर पॉपलर झाडांचा कापूस तरंगणारं, पहिल्या पायरीच्या निम्म्यापर्यंत.

मी मालकीणबाईला फोन लावला, लागला नाही. शेवाळवाल्याला लावायचं सुचलंसुद्धा नाही. खरं सांगायचं तर मला कुणाला विचारायचंच नव्हतं. शेडमधून आकडा घेतला, बांधाशी धावत गेले, पहिली फळी ओढली. मग दुसरी. दोन काढल्यावर थांबता आलं असतं. मी चारही काढल्या. पाणी धडधडत चरात कोसळलं आणि माझ्या अंगावरून ओझं उतरलं. इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता. ते पूर्ण ओसरेपर्यंत मी तिथे उभी होते, भिजलेली, हसत.

तासाभराने पायरीकडे आले. पायरीशी पाणी होतं तेवढंच होतं.

तेव्हा कुठे मी मान वर केली. छपराच्या पन्हळीत कापसाचा बोळा बसला होता आणि सगळ्या छपराचं पाणी पायरीवर गळत होतं. घर चिकणमातीच्या उंचवट्यावर आहे, शेताहून चांगलं दोन फूट उंच. शेतातलं पाणी तिथे चढणं शक्यच नव्हतं. ही पातळी मीच मोजली होती. नकाशावर माझ्या अक्षरात ती लिहिलेली होती.

फळ्या परत घातल्या. पण अडवायला पाणी कुठे होतं? एप्रिलपासून जमलेलं मी एका दुपारी सोडून दिलं होतं.

शेवाळवाल्याला त्याच दिवशी फोन केला. त्याने आधी पातळी विचारली. मग म्हणाला, "मालकीणबाईला तुम्ही सांगा. मी सांगणार नाही." मी म्हटलं, शेजारच्या शेततळ्यातलं पाणी पंपाने आणते. तो म्हणाला, त्या पाण्यात खत उतरलेलं असतं, शेवाळ मरेल. पाऊस पडेल तर पडेल. थांबा.

आणि पाऊस पडला नाही. जुलै कोरडा, ऑगस्ट कोरडा, वर उत्तरेकडच्या वणव्यांचा धूर. मी मंगळवारशिवाय शुक्रवारीही जाऊ लागले. नळी खोल खोल जाई, फुंकून फुंकून गालफडं दुखत. पेंढा उचलून पाहावं तर शेवाळ फिकं पडत चाललेलं. मालकीणबाई चहाला बोलवी. मी टेबलाशी बसे, तोंड उघडे, "यंदा पाऊस नाही" एवढं बोले आणि अर्धा कप टाकून उठे. घरी ग्रोसरीच्या पिशव्या डिकीत तशाच राहत. हे रोज विचारत, "तिला टेल केलंस का?" मी यांच्यावरच खेकसे. मला माझी लाज वाटत होती, आणि त्याहून वाईट म्हणजे, अजूनही मधूनच तो धडधडता आवाज आठवला की बरं वाटत होतं.

सप्टेंबरात भाऊ पाहायला आला. आम्ही चौघं शेतात उभे. त्याने वाकून पेंढा बाजूला केला, चिमूटभर शेवाळ उचललं, बोटांत चोळलं. त्याची पूड झाली. फक्त बांधालगत हातरुमालाएवढे काही तुकडे हिरवे होते.

"संपलं," तो म्हणाला. आवाजात जिंकल्याचा सूर नव्हता, हे मी कबूल करते. मालकीणबाईने हातमोजे काढले, एकमेकांत गुंडाळले आणि घराकडे वळली. शेवाळवाला माझ्याकडे बघत होता.

"शेवाळ मेलं नाही, मी मारलं," मी म्हटलं. "पाणी मी सोडलं. जूनमध्ये. फळ्या मी काढल्या."

मालकीणबाई थांबली. भावाने विचारलं, "किती?"

"चारही."

"चारही? पूर आला तरी दोन पुरे होतात."

"मला माहीत आहे."

"मग का?"

मग मी सांगितलं. वस्ती, उतार, आई, पत्र्याचा डबा. इंग्रजीत ते फार थोडक्यात आटपतं. सांगताना माझा आवाज फाटला आणि मला स्वतःचाच राग आला, कारण मला दया नको होती. मला त्या शेतासाठी आणखी एक उन्हाळा हवा होता. तेही मी भावाला बोलले. "तुझी अट शेवाळाने मोडली नाही. मी मोडली. ही परीक्षा धरू नकोस."

मालकीणबाई माझ्याजवळ आली. "दोन महिने माझा चहा अर्धा टाकून उठतेस, ते याच्यासाठी?"

मी मान डोलावली. ती माझ्यावर ओरडली नाही, पण त्या दिवशी तिने मला घरातही बोलावलं नाही. परतीच्या दीड तासात मी दोनदा गाडी कडेला घेतली.

चार दिवसांनी भावाचा फोन आला. पहिल्यांदाच. "आणखी एक उन्हाळा," तो म्हणाला. "पण आकडा माझ्या ट्रकमध्ये राहील." आम्ही ऑक्टोबरात पुन्हा बादल्या उचलल्या. आकडा खरोखरच त्याच्या ट्रकमध्ये, सीटमागे असतो. ज्याला तो चर खोल करायचा होता तोच आता माझ्यापासून पाणी राखतो.

या जूनमध्ये पुन्हा पाऊस लागला. मंगळवारी मी गेले तर शेत तसंच चकाकत होतं, आणि पन्हळ पुन्हा तुंबलेली, पायरीशी तसंच तपकिरी पाणी. कारण ठाऊक होतं, पातळी ठाऊक होती, तरी हात शिवशिवत होते. मी ते कोटाच्या खिशात कोंबले. मालकीणबाईने दार उघडलं.

"पाणी पायरीला आलंय," मी म्हटलं.

"दिसतंय. उद्या भाऊ पन्हळ साफ करेल. आत ये."

पाण्यातून पाय टाकत मी आत गेले. तिने चहा ओतला. मी मुद्दाम खिडकीकडे पाठ करून बसले, तरी पाठीला पाणी कळत होतं. आई अशी एकदाही बसली नाही, हे आठवलं आणि मी कप खाली ठेवला. दोनदा मी खुर्ची मागे सरकवली. मालकीणबाई बघत होती. चहा गार झाला. मी तो संपवला.