अल्बम संपल्यावर कोण बोललं?

बोरगाव मेघेत माझा छोटासा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. इथं गाण्यांपेक्षा किस्सेच जास्त रेकॉर्ड होतात, असं माझी बायको म्हणते. त्यातले निम्मे माझ्याच खोडीमुळे. शेवटच्या गाण्यानंतर दोन-तीन मिनिटं शांतता सोडायची अन् मग अचानक काहीतरी ऐकवायचं! मला वाटायचं, लोक खूश होतील. लोकांना संशयच येतो!

*

पहिल्यांदा मी आमच्या तबलजीचं खदाखदा हसणं टाकलं. एका कापड दुकानदारानं तो अल्बम दुकानात लावला. गाणी केव्हाच संपली होती. एक गिऱ्हाईक नवी पँट घालून ट्रायल रूममधून बाहेर आलं, अन् नेमकं तेव्हाच हसू फुटलं!

"मागून फाटली का?"

"नाई जी!"

"मंग हासलं कोण?"

पँट तर त्यानं घेतली नाहीच, वर जाताना स्पीकरमागं वाकून पाहून गेला!

*

सावंगीला शिकणाऱ्या एका पोरीनं भक्तिगीतं गायली. शेवटच्या शांततेनंतर मी माझंच एक वाक्य राहू दिलं, "मस्त! पुन्हा एकदा घे."

दुसऱ्या दिवशी तिचे वडील हजर. "हा माणूस कोण?"

"मीच, काका."

"म्हणून दाखवा."

तीनदा म्हणवून घेतलं! मग म्हणाले, "आवाज तुमचाच हाय. पण तवा 'मस्त' जरा जास्तच गोड होतं."

*

वडनेरचे देवरावभाऊ शेती करतात, भीमगीतं लिहितात अन् गातात. अल्बमसाठी दोन महिने दर गुरुवारी इस्तरीचा शर्ट घालून यायचे. शेवटच्या दिवशी त्यांनी मोबाइल पुढं केला. "यातलं रेकॉर्डिंग शेवटी जोडून देजो."

आठवड्यानं त्यांची बायको, सुमनवहिनी, एकटीच आली. बसायच्या आधी दोन्ही खोल्या पाहिल्या.

"इथं बाया येतात गायले?"

"येतात. पण गुरुवारी फक्त भाऊ."

"ऐकवा मंग. पुरं."

गाणी संपली. शांतता. मी उठलो, तर वहिनींनी हातानंच थांबवलं. दोन मिनिटांनी स्पीकरमध्ये बांगड्या किणकिणल्या.

"ही कोण?" वहिनींचा चेहराच उतरला.

ते जोडलं मीच होतं, पण पूर्ण ऐकलं नव्हतं! बांगड्यांसोबत पोळ्या लाटल्याचा आवाज येऊ लागला. वहिनींनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. अन् स्पीकरमधून त्यांचाच आवाज आला, "काऊन उभे हा तिथं मोबाइल धरून? कोणाले फोन करून राह्यले?"

पाठोपाठ भाऊंचं दबकं हसू. अल्बम संपला.

वहिनींनी पदरानं डोळे पुसले. "दोन महिने मी उगाच..." एवढंच बोलल्या. दारापर्यंत गेल्या, थांबल्या, वळल्या.

"पण त्या दिवशी फोन कोणाले केला, हे तर यात नाईच!"