वजा तीनातून वजा पाच

देशमानेबाईंची आणि माझी पहिली भेट विश्रांतवाडीतल्या एका मंगल कार्यालयाच्या वरच्या खोलीत झाली. मी वर्ध्याहून पुण्यात आलेली, खराडीच्या एका कंपनीत नोकरीला. बारावी कला शाखेतून झालेली. संख्याशास्त्राची पदवी घ्यायची, तर आधी बारावीचे गणित उत्तीर्ण होणे भाग होते. निवृत्त प्राध्यापिका देशमानेबाई माझ्यासारख्या मोठ्या विद्यार्थ्यांना पायापासून गणित शिकवतात, असे कळले म्हणून गेले.

पहिल्याच दिवशी बाईंनी विचारले, "वजा तीनातून वजा पाच गेले तर?"

"वजा आठ," मी म्हणाले. वर्ग हसला.

बाई हसणाऱ्यांकडे वळल्या. "अहो, उत्तर दोन आहे हे आपल्याला ठाऊक दिसतं. आता ते दोन का, तेवढं सांगा."

कोणालाच सांगता येईना.

"छान. म्हणजे आपण सगळे एकाच इयत्तेत आहोत." आणि त्यांनी फळ्यावर संख्यारेषा काढली. परीक्षा जवळ येत होती. घाई असलेले दोघे वर्ग सोडून गेले. बाईंनी घाई केली नाही.

त्याच हिवाळ्यात माझे वडील वारले. गावाहून परतल्यावर मी वर्गाला जाईनाशी झाले. बाईंचा फोन आला.

"बाई, आता नाही होत माझ्यानं."

"बरं. रविवारी सकाळी घरी चहाला या."

चहा झाल्यावर त्यांनी सांगितले, की त्या एम.एस्सी.ला असताना त्यांचे यजमान अपघातात गेले. दिवसकार्य उरकताच त्या पुस्तक घेऊन बसल्या, तेव्हा नातेवाइकांनी नावे ठेवली. "दुःख काही कमी झालं नाही. पण तासभर डोकं दुसरीकडे असायचं. तेवढ्यावर ते वर्ष काढलं." मग त्यांनी माझ्यापुढे कोरा कागद सरकवला. पहिले उदाहरण सोडवताना मला रडू आवरेना. बाई थांबल्या, पण त्यांनी कागद मागे घेतला नाही.

मी उत्तीर्ण झाले. आज पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे.

बाईंची नजर आता अधू झाली आहे. विद्यार्थी एकेक पायरी मोठ्याने म्हणतात आणि बाई ऐकून चूक धरतात. परवा एक नवी विद्यार्थिनी संकोचून म्हणाली, "मला काहीच येत नाही हो."

"मग सोपं आहे. चुकीचं विसरायला जास्त वेळ लागतो," बाई म्हणाल्या.

बाई, आपली पंच्याहत्तरी आम्हा सर्वांच्या आनंदाची आहे. आपली प्रकृती उत्तम राहो, आहे ती नजर टिको. फळ्यावर लिहायला दर रविवारी मी येईन. आपण खुर्चीत बसून ऐकत राहावे, पुष्कळ वर्षे.