बॅटरीतला चांदीचा कागद

नोकरीची शेवटची अडीच वर्षं मला मुंबई मिळाली. त्याआधीची बावीस वर्षं बर्फात आणि वाळूत गेली होती. घर चिंचपोकळीला, युनिट कुलाब्याला. मी फौजेच्या इंजिनिअर कंपनीत हवालदार होतो. पूल, रस्ते, सुरुंग हे आमचं नेहमीचं काम, आणि शहरात काही कोसळलं तर प्रशासनाने बोलावल्यावर मदतीला जायचं. बायको म्हणाली, "आता तरी घरात दिसाल." दिसलो, रविवारचा.

दिवस ठरलेला असे. पावणेसहाला पीटी, आठला फॉल-इन, नंतर स्टोअर. रेस्क्यूचं सामान माझ्या चार्जमध्ये होतं. दोर, जॅक, पहारी, स्ट्रेचर, वॉकीटॉकी आणि बारा बॅटऱ्या. बॅटरी म्हणजे टॉर्च. आपण घरी टॉर्चला बॅटरी म्हणतो आणि तिच्यात घालतो त्याला सेल, म्हणून इथेही तसंच लिहितो.

बॅटऱ्या चांगल्या होत्या. ॲल्युमिनियमच्या, आत रिचार्जेबल लिथियमचा एकच सेल, अंगठ्याहून जाड. पहिल्या सेलना डोक्यावर बोंड होतं. वर्षभराने ते दमले आणि बदली सेल आले ते सपाट डोक्याचे. माप तेच, व्होल्टेज तेच, कागदावर सगळं बरोबर. पण बॅटरीच्या आत, पुढच्या टोकाला, प्लास्टिकची एक रिंग होती. कोणी सेल उलटा घातला तर तो टेकू नये म्हणून केलेली सोय. बोंडवाला सेल त्या रिंगमधून आत जाऊन टेकायचा. सपाट सेल रिंगवरच अडायचा. आम्ही मागची स्प्रिंग ओढून लांब केली, झाकणाचे आटे पुसले, बॅटरी तळहातावर आपटली. उजेड नाही.

माझ्याकडे उपाय होता. तो मुंबईच्या प्रत्येक चाळीत असतो. माझे वडील गोदीत कामाला होते. बॅटरी पेटली नाही की सिगरेटच्या पाकिटातल्या चांदीची घडी करून ते सेलच्या टोकाशी ठेवायचे, आणि ती पेटायची. मी चॉकलेटची चांदी घेतली, चार घड्या घातल्या, रिंगमध्ये दाबली. लख्ख उजेड पडला. स्टोअरमधली पोरं खूश झाली आणि खोटं कशाला बोलू, मीही झालो.

एकट्या ॲलनने तोंड वाकडं केलं. ॲलन डिमेलो, हुद्द्याने नाईक, गिरगावातल्या एका वाडीतला ईस्ट इंडियन, म्हणजे मूळचा मुंबईचाच ख्रिस्ती. वय एकतीस. हातात पाना नसेल तर अस्वस्थ होणारा माणूस.

"उस्ताद, हे साध्या सेलला ठीक आहे. याला नको."

"का रे? पेटली की."

त्याने सेल माझ्या डोळ्यांसमोर धरला. "हे मधलं अधिक. आणि ही कड दिसते ना, या पातळ प्लास्टिकच्या खाली उणे. मध्ये जागा किती? तुमची चांदी सरकली की दोघांचा शेकहँड. मग सेल तापणार, नाहीतर फुटणार."

त्याचा उपाय वेगळा होता. रिंगच्या आत बरोबर बसेल अशी पितळेची छोटी चकती आणि तिच्याभोवती फायबरचा वॉशर, म्हणजे सरकायला जागाच नाही. चिंचपोकळीला माझ्या घरामागे एक लेथवाला होता. त्याच्याकडून ॲलनने नमुन्याच्या चार चकत्या करून आणल्या आणि चार बॅटऱ्यांत बसवल्या. त्या हलवल्या, आपटल्या तरी विझल्या नाहीत. उरलेल्या आठ चकत्या पुढच्या आठवड्यात मिळणार होत्या.

"तोवर त्या आठ बॅटऱ्या बाजूला ठेवा, उस्ताद."

मी हो म्हणालो. पण मधे मंगळवारी इन्स्पेक्शन होतं. रजिस्टरमध्ये बारा बॅटऱ्या असतील तर बारा पेटल्या पाहिजेत. चार पेटतात आणि आठ बाजूला आहेत, हे साहेबांपुढे बोलायला कोणत्याही स्टोअरवाल्याची जीभ रेटत नाही. मी आठांत चांदी घातली. बाराच्या बारा पेटल्या, मला शाबासकी मिळाली आणि चांदी तशीच आत राहिली. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो म्हणतात, तो असा.

गुरुवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी ऑर्डर आली. चिंचपोकळीला तीन मजली इमारतीचा मागचा भाग कोसळला होता. आम्ही दहा वीसला पोचलो. माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. आमचे कॅप्टन साहेब फायर ब्रिगेडच्या अधिकाऱ्यांशी बोलत होते तेवढ्यात एका म्हाताऱ्या गृहस्थांनी माझा हात धरला. आमच्या वडिलांच्या ओळखीचे पेडणेकर काका.

"सूर्या ना तू, परबांचा? अरे, आत निर्मला आहे. शिवणवाली. आवाज येतोय रे तिचा."

आवाज खरंच येत होता. तळमजल्यावर, मागच्या खोलीतून. तिच्यापर्यंत जायला एकच वाट सापडली, पडलेल्या स्लॅबच्या खालून. उंची दोन फूट, लांबी पंचवीस फूट, मध्ये एक वळण. एका वेळी एकच माणूस. बाहेर ऊन होतं, पण वळणाच्या पुढे हातही दिसत नव्हता. जनरेटरचा दिवा वळणापाशीच संपायचा. वरचा स्लॅब टेकूवर होता आणि टेकू करकरत होते.

ॲलन अंगाने सडपातळ, म्हणून त्याचा नंबर पहिला. मी त्याला जॅक दिला, वॉकीटॉकी दिला, कमरेला दोर बांधला. पेटीतून हाताला लागली ती बॅटरी दिली. पेटीत बारा एकत्र होत्या. मी खूण केलेली नव्हती.

"उस्ताद, यात चकती आहे की चांदी?"

मी बटण दाबलं. उजेड पडला. "पेटतेय की. जा."

त्याने माझ्याकडे पाहिलं, बॅटरी घेतली आणि अकरा वाजून पाच मिनिटांनी आत शिरला. नियम माणशी दोन बॅटऱ्यांचा आहे. दुसरी मी त्या वाटेच्या तोंडाशी उजेडाला ठेवून घेतली होती.

अकरा सतराला तो तिच्यापाशी पोचला. वॉकीटॉकीवर रिपोर्ट आला, "बाई शुद्धीत आहे. पाय शिलाई मशिनच्या लोखंडी स्टँडखाली. जॅक लावतो. ओव्हर."

अकरा तेवीसला पुन्हा आवाज आला. "उस्ताद, बॅटरी गेली. हातात जळत होती, फेकून दिली. काळोख आहे. ओव्हर."

चांदी सरकली होती. मी पेटीतली प्रत्येक बॅटरी उघडून पाहिली आणि चकतीवाली शोधली. आमचा एक सॅपर जवान ती घेऊन वळणापर्यंत सरपटत गेला. तिथून ती ॲलनच्या कमरेच्या दोराला बांधायची आणि त्याने हळूहळू ओढायची होती. घाईने ओढली तर दोर विटांत अडकून वरचं सुटेल. वेळ लागणार हे दिसत होतं.

कॅप्टन साहेब माझ्या शेजारी येऊन बसले. हळू आवाजात म्हणाले, "परब, त्याला बोलतं ठेवा."

"ॲलन, परब बोलतोय. ओव्हर."

"ऐकतोय. स्टँड हाताने चाचपतोय, पण जॅक लावायला धीर होत नाही. चुकीच्या जागी लागला तर पाय जाईल. ओव्हर."

"लावू नकोस. बॅटरी येतेय. ओव्हर."

दर मिनिटाला मी आवाज दिला आणि दर मिनिटाला त्याने उत्तर दिलं. मध्ये त्याचा निर्मलाताईंशी चाललेला संवाद ऐकू यायचा, कारण तो बटण दाबूनच ठेवायचा. बहुतेक मला ऐकू यावं म्हणून.

"ताई, माझ्या आईला ब्लाउजची बाही नेहमी तंग होते. काय करायचं?"

"माप कोण घेतं?" आतून कण्हत प्रश्न आला.

"ती स्वतःच घेते."

"मग तंगच होणार, बाबा. स्वतःचं माप स्वतः घेत नसतात. घेऊन ये तिला माझ्याकडे."

"आणतो. तुम्ही आधी बाहेर चला."

अकरा चौतीसला बॅटरी त्याच्या हाती लागली. अकरा मिनिटं गेली होती. उजेड आल्यावर त्याचं काम भराभर झालं. अकरा एकेचाळीसला पाय मोकळा. चादरीवर घालून त्याने बाईंना पुढे ढकलत आणलं, आम्ही दोराने ओढलं. अकरा बावन्नला निर्मलाताई बाहेर आल्या. त्यांच्या मागे ॲलनचे हात मला दिसले, माझ्यापासून आठ-नऊ फुटांवर.

अकरा त्रेपन्नला स्लॅब खाली बसला.

आम्ही त्याला दोन वाजून दहा मिनिटांनी बाहेर काढलं. डॉक्टरांनी जागच्या जागीच सांगितलं. मी त्याच्या उजव्या तळहाताकडे पाहिलं. त्यावर गोल भाजल्याची खूण होती.

चौकशी झाली. मी उभं राहून सगळं सांगितलं. चांदी, इन्स्पेक्शन, न केलेली खूण, "पेटतेय की". चौकशीच्या मेजर साहेबांनी लिहून घेतलं आणि पेन खाली ठेवलं. "परब, तो स्लॅब सकाळपासून हलत होता. तो कधीही आला असता." हे खरं आहे. अकरा त्रेपन्नमधून काळोखातली अकरा मिनिटं वजा केली तर अकरा बेचाळीस येतात, तेव्हाच तो तोंडाशी पोचला असता, हेही खरं आहे. पंधरा दिवसांत कंपनीच्या सगळ्या बॅटऱ्यांत पितळेच्या चकत्या बसल्या. मला शिक्षा झाली नाही. झाली असती तर बरं वाटलं असतं.

ॲलनच्या आईकडे मी पहिल्यांदा गेलो तो युनिफॉर्ममध्ये, साहेबांच्या मागे उभा राहायला. तेव्हा बोलायची हिंमत झाली नाही. आठ महिन्यांनी निवृत्त झालो आणि एका रविवारी सकाळी एकटाच गिरगावात गेलो. आंटी नुकत्याच चर्चमधून आल्या होत्या. मी बसलो नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. शेवटी म्हणालो, "आंटी, चूक माझी होती."

आंटी खुर्चीत बसल्या.

"साहेब लोक आले ते बोलले, शूर होता. पेपरवाले पण तेच बोलले. शूर होता ते मला ठाऊक आहे रे, मी वाढवलाय त्याला." मग मान वर केली. "तो काळोखात होता तेव्हा तू कुठे होतास?"

"तोंडाशी. वॉकीटॉकीवर."

"त्याने आवाज दिला तर ऐकू यायचा तुला?"

"यायचा. दर मिनिटाला बोलत होतो आम्ही. अकराही मिनिटं."

"तू हाक मारलीस की तो जवाब द्यायचा?"

"प्रत्येक वेळी, आंटी."

त्यांचा चेहरा एकदम मोडला. "मला वाटायचं माझा पोर काळोखात एकटा पडला. आठ महिने रोज तेच दिसायचं मला. कोण सांगतच नव्हतं रे." त्या रडल्या आणि मीही रडलो. फौजेत इतकी वर्षं काढली, असा कधी रडलो नव्हतो.

डोळे पुसून त्या म्हणाल्या, "माफीचं तू देवाशी बोल. मला नाय जमणार इतक्यात. पण रविवारचा येत जा."

मी जातो. वाडीतली माणसं आता मला ओळखतात. आंटी चहा करतात, मला समोर बसवतात आणि म्हणतात, "सांग." नाईक ॲलन डिमेलोची ती अकरा मिनिटं मी अकरा तेवीसपासून सुरू करतो. तो काय म्हणाला, मी काय म्हणालो, निर्मलाताई मापावरून त्याला कशा बोलल्या, तो कसा हसला. अकरा चौतीसला त्याच्या हातात बॅटरी येते आणि पेटते. तिथे आंटी मला हाताने थांबवतात.