भाऊचा अंगठा

एका मंगळवारी दुपारी भाऊने काडतुसांचा ट्रे माझ्यासमोर सरकवला आणि म्हणाला, "आता तू पाह्य वं. माह्या अंगठ्याले समजून नाही राहिलं."

भाऊ म्हणजे माझा थोरला भाऊ. दारूगोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्याने शहरातल्या एका नेमबाजी क्लबचं काम अंगावर घेतलं. सरावात झाडलेल्या पिस्तुलाच्या काडतुसांची रिकामी पितळी नळकांडी तो घरी आणी आणि पुन्हा भरी. क्लबचा परवाना आणि पोलिसांचा कागद मागच्या खोलीत फ्रेम करून लावलेले होते. आमच्याकडे देवाच्या तसबिरीलाही एवढी चांगली फ्रेम नव्हती. वाचनालयातली माझी नोकरी संपल्यावर मी त्या खोलीच्या दाराशी पुस्तक घेऊन बसू लागले. तिथे चहा नाही, फोन नाही, बोलणं नाही, हे मला सोयीचंच होतं.

काडतुसाच्या बुडाशी एक छोटी टोपी बसते. तिच्यावर आघात झाला की काडतूस उडतं. ती बुडाशी अगदी सपाट बसावी लागते. केसभर वर राहिली तर कधी काडतूस उडतच नाही, आणि कधी पिस्तूल नीट बंद व्हायच्या आधीच उडतं. म्हणून टोपी बसवली की भाऊ बुडावरून अंगठा फिरवी आणि "हं" म्हणे. शंभरातली दहा नळकांडी काचेच्या तुकड्यावर उभी करून पाही. टोपी वर असली की ती डुगडुगत. "काच खोटं बोलत नाही," तो म्हणे, "पण उशिरा बोलते. अंगठा आधी सांगते." हा अंगठा मग लोणच्याच्या बरणीच्या झाकणावरून, स्विचबोर्डाच्या स्क्रूंवरून, सीताबर्डीच्या बाजारातून आणलेल्या माझ्या नव्या पुस्तकाच्या पाठीवरूनही फिरे. "हं" आलं की पुस्तक वाचायला मोकळं.

काही नळकांड्यांत टोपीची जागा कडेने चेपलेली असे, काहींत काजळी साचलेली. तिथे टोपी अडे. दुसरा कोणी असता तर त्याने जोर लावला असता. भाऊ यंत्राच्या दांड्यावरचा हात काढून घेई. "टोपीले काहून दोष द्यायचा? जागा पाह्य ना." फार पूर्वी माझं ठरलेलं लग्न मी मोडलं तेव्हा सगळं घर मला समजावत होतं. भाऊ आईला एवढंच म्हणाला, "दाबून बसवलं म्हणजे बसलं असं नसते वं आई." त्यानंतर आमच्या घरात तो विषय निघाला नाही.

त्या मंगळवारच्या दोन दिवस आधी राज्याच्या संघासाठी निवडीची स्पर्धा होती. क्लबची नेमबाज वैशाली काटोलच्या शाळेत शिकवते. दर रविवारी एसटीने सरावाला यायची आणि भाऊने भरलेल्या काडतुसांशिवाय दुसरी वापरायची नाही. स्पर्धेत तिचं एक काडतूस उडालं नाही. निवड हुकली.

"जाऊ द्या ना काका, एकच तं होतं," ती म्हणाली.

"एकच होतं म्हणून तू हसून राहिली," भाऊ म्हणाला.

त्याने ते काडतूस मागून घेतलं आणि काचेवर ठेवलं. ते डुगडुगलं. मग त्याने त्यावरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. खूप वेळ फिरवत राहिला.

मंगळवारी ट्रे पुढे सरकवल्यावर त्याने सांगितलं, "दिवाळीपासून बधिर आहे. शुगरनं."

"मग बोलला काहून नाही गा?"

"बोललो असतो तं माह्याजवळ काय राहिलं असतं?"

बाहेरच्या खोलीत जाऊन त्याने फोन उचलला आणि क्लबला सांगितलं, दिवाळीनंतर मी भरलेला सगळा माल बाजूला काढा, एकही झाडू नका. का, तेही सांगितलं. फोन ठेवून तो माझ्याकडे वळला. "हात धुऊन ये. कोरडा कर."

तेव्हापासून टोप्या तो बसवी आणि अंगठा मी फिरवी. पहिले काही दिवस मला सगळीच सारखी लागत. "पुस्तकं वाचून अंगठा गुळगुळीत झाला वं तुहा," तो म्हणे. हळूहळू मला कळू लागलं.

एकदा तो दवाखान्यातून परत आला आणि दोन दिवसांनी हट्टाने कामाला बसला. चाळीस टोप्या बसवल्या. खुशीत होता. एक किंचित वर लागली. मी "हं" म्हणाले. भाऊने नेमकं तेच नळकांडं उचलून काचेवर ठेवलं.

ते डुगडुगत असताना तो शांतपणे म्हणाला, "माह्यावर दया करू नको. ते दया वैशालीच्या हातात फुटंन."

मागच्या हिवाळ्यात भाऊ गेला. यंत्र आणि कागद क्लबने नेले. मागच्या खोलीच्या भिंतीवर दोन खिळे राहिले आहेत. काच माझ्याकडे आहे. टोप्या आता क्लबमध्ये वैशाली बसवते. महिन्यातून दोनदा मी मेट्रोने तिथे जाते, हात धुते, कोरडे करते आणि बुडांवरून अंगठा फिरवते. ज्याची खात्री नाही, ते बाजूला ठेवते.