जोडवं वाढवलं

गरोदरपणात पोट वाढतं, एवढंच मला ठाऊक होतं. बाकीचंही सगळं वाढतं हे कुणी सांगितलंच नव्हतं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही सुरतेत लिंबायतला राहायचो, नवरा यंत्रमागावर कामाला होता. सातव्या महिन्यात माझं नाक चोंदलेलं, गालांवर वांग आणि केस मात्र कधी नव्हे ते दाट. जिना चढले की धाप लागायची. केसांचं सगळ्यांनी कौतुक केलं, वांगाकडे काणाडोळा केला.

डॉक्टरीणबाई गुजराती होत्या. "बाळासाठी अंगात रक्त वाढतं, पाणी साठतं, सांधेसुद्धा सैल पडतात," त्यांनी समजावलं. "शरीर घर मोठं करतंय, बेन."

घरमालकिणीला आधी विचारायचं तरी, मी मनात म्हटलं.

पाय तर असे सुजले की नवऱ्याच्या चपला मला घट्ट व्हायला लागल्या. रक्तदाब, लघवी तपासून झाली, सगळं ठीक निघालं. घोडं अडलं ते जोडव्यापाशी. लग्नात सासूबाईंनी घातलेलं, जाड चांदीचं, बिनसांध्याचं. डाव्या पायातलं निघालं होतं, तेही त्यांच्या नकळत. उजव्यातलं बोटात रुतून बसलं. साबण झाला, खोबरेल झालं, दोरा गुंडाळून झाला. बोट जांभळं पडलं.

"कपावी नाखो, आजे ज," डॉक्टरीणबाईंनी बजावलं. आजच कापून टाका, नाहीतर बोट जाईल.

घरी येऊन हे सांगितल्यावर सासूबाईंनी ठामपणे नकारार्थी मान हलवली. नवरा हसत म्हणाला, "आई, मी धडधाकट आहे ना समोर." त्या हसल्या नाहीत. सासरे गेले तेव्हा त्यांची जोडवी बायकांनी ओढून काढली होती. जोडवं पायातून जाणं म्हणजे काय, हे त्या घरात फक्त त्यांनाच माहीत होतं. मला ते कळत होतं, तरी रागही येत होता. बोट माझं होतं.

संध्याकाळी त्यांनी माझं बोट चिमटीत दाबलं.

"दुखस का?"

"नाही. काहीच कळत नाही."

त्यांचा चेहरा पडला. मग माझ्या नवऱ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "जोडवं कापतस नही. वाढावतस. सोनारले बलाव."

बांगडी फुटली की ती 'वाढवली' म्हणतात, हे मलाही माहीत होतं. पण हा शब्द माझ्या पायाच्या कामी येईल असं कधी वाटलं नव्हतं. मला हसू फुटलं आणि डोळेही भरून आले.

गल्लीतला सोनार बारीक करवत घेऊन आला. मला वाकता येत नव्हतं. सासूबाईंनी सरळ माझा पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला. सुनेचा पाय. मी मागे ओढायला लागले, तर त्यांनी घोटा गच्च धरला. करवत फिरायला लागली तसं पोटातल्याने अशी लाथ मारली की साडी हलली. सासूबाईंनी ते पाहिलं.

"थांब जरासं," त्या पोटाला म्हणाल्या, "आधी तुनी मायना पाय मोकळा व्हऊ दे."